पाणसळ

माइमू म्हणाली, दाराची चौकट वाकली आहे.
ती चौकट मी बसवली त्याला एकतीस वर्षं झाली.
अख्ख्या हाप्सालूत माझ्या हातचं एकही दार
अजून घासत नाही, मी म्हणालो,
आणि पाणसळ आणून चौकटीला लावली.
बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध, आज्ञाधारक.
बघ, म्हटलं.
तिने बघितलं. म्हणाली, पाणसळही वाकली आहे.

मग उजवा डोळा तळहाताने झाकून
ती माझ्याकडे बघत राहिली बराच वेळ.
एवाल्ड, तुझं नाक गेलं.
कान आहेत, टोपी आहे,
मध्ये कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखं.

तार्तूच्या डॉक्टरीणबाई तरुण, नखं बारीक कापलेली.
पडद्याच्या ऐन मध्यावर छिद्र, म्हणाल्या,
अर्ध्या मिलिमीटरलाही कमी.
वय झालं की डोळ्यातला गर आकसतो,
सुटताना कधी पडद्यालाच धरून ओढतो.
काही छिद्रं आपोआप मिटतात. थांबून बघू.

आम्ही सहा आठवडे थांबलो.
छिद्रांचं माइमूला काय मोठं,
चाळीस वर्षं ती छिद्रंच विणत आली:
अंगठीतून आरपार जाणारी जाळीची शाल,
दोन सुलट, धागा सुईवरून, दोन एकत्र.
मी पाडते त्या छिद्राला कड असते, ती म्हणाली,
याला कुणी टाकाच घातलेला नाही.

ते मिटलं नाही.

त्यांनी गर काढून घेतला,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ साल चिमट्याने सोलली
आणि डोळ्यात वायू भरला.
शिवलंत का? मी विचारलं.
तिथे शिवण्याजोगं काही नसतं, बाई म्हणाल्या.
बुडबुडा नुसता टेकून राहतो,
कडा आपण होऊन जवळ येतात.
पण बुडबुडा वर जाणार, म्हणून तोंड खाली. सात दिवस.
आणि विमान नको, डोंगर नको.
डोंगर! आमच्याकडे
गोठ्याच्या छपरावर चढलं तरी पाहुणे टाळ्या वाजवतात.

मी खुर्चीला बर्चच्या लाकडाचा आधार ठोकला,
कपाळ टेकायला मेंढीचं कातडं.
ती जेवायची, पेंगायची, चिडायची
जमिनीकडे बघून.
तिसऱ्या दिवशी मी सतरंजी टाकून
तिच्या खाली उताणा झोपलो,
फटी बुजवायला बोटीखाली झोपायचो तसा.
वर तिचं तोंड, गाल लोंबलेले,
एक डोळा पट्टीआड, दुसरा माझ्यावर.
तुझी आई मला कधीच आवडली नाही, ती म्हणाली.
मलाही, मी म्हटलं.
तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब
माझ्या कपाळावर पडला.
हसण्याचा की कशाचा, विचारलं नाही.

पट्टी निघाली. आधी नुसतं धुकं,
मग वरच्या बाजूने उजाडायला लागलं.
एक आडवी रेघ आहे, मान हलवली की डचमळते.
म्हणजे आता तुझ्या आतच पाणसळ, मी म्हटलं,
आणि रोज सकाळी विचारू लागलो, रेघ कुठे?
खिडकीच्या कठड्याशी.
टेबलाशी.
तुझ्या बुटांशी, आणि बूट पुस.
खाडीतलं बर्फ फुटलं त्या आठवड्यात
रेघेचा गोळा झाला, मग छर्रा,
एका मंगळवारी छर्ऱ्याचे तीन,
आणि दुपारी कॉफी ओतताना
एकही नव्हता.

छिद्र मिटलं, बाई म्हणाल्या. बाकीचं सावकाश,
काही येईल, काही नाही.
बारीक लोकर ती अजून बोटांनीच मोजते.
आणि चौकट?
केसभर, म्हणते.
मी पाणसळ आणायला उठलो नाही.

काल तिने पुन्हा उजवा डोळा झाकला.
आलं की नाक, म्हणाली. पण वाकडं आहे.
माझ्या पोटात गोळा आला.
मग आठवलं: अठ्ठ्याहत्तर साल, वळणारं शीड,
त्याचा दांडा सपकन माझ्या तोंडावर,
आणि सुकाणू हिच्याच हातात.